मायनस अकराचा मास्क

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासणाऱ्या त्या बाईंना सगळे भिंगरी म्हणायचे. अर्धं ती भिंगांचं काम करते म्हणून, अर्धं ती एका जागी ठरत नाही म्हणून. मशीन चालू असताना ती या पायावरून त्या पायावर व्हायची, चहा उभ्यानेच प्यायची. वय सत्तेचाळीस, नंबर मायनस अकरा. चष्मा काढला की चार बोटांपलीकडचं जग विरघळून जायचं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती नवऱ्याबरोबर समुद्रावर गेली होती. नावेतली सगळी माणसं तोंडाला मास्क लावून, दातांत नळी धरून पाण्यात उतरली. तीही उतरली, अर्थात चष्म्याविना. खाली नुसता हिरवट धूर. वर आल्यावर जो तो माशांबद्दल भरभरून बोलत होता, तेव्हा तीही म्हणाली, "हो ना, काय सुंदर!" ते खोटं तिला वीस वर्षं सलत राहिलं.

नवरा छापखान्यात स्टोअरकीपर. स्वभावाने इतका थंड, की कागदाच्या रिमांनाही त्याचा हेवा वाटावा. एका संध्याकाळी तो बूट काढता काढता म्हणाला, "आमच्या ऑफिसची मंडळी उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर जाताहेत. जायचं का?"

"जायचं," ती म्हणाली. "आणि या खेपेला मी बघणार."

दुसऱ्या दिवसापासून तिने उच्छाद मांडला. नाववाल्याचा नंबर मिळवून त्याला आठवड्यात तीन फोन केले. भरती किती वाजता, पाणी कुठे गढूळ असतं, शिडी लोखंडी की दोराची. नाववाला वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही नाव विकत घेताय का?" नवरा म्हणाला, "अगं, चार दिवसांची सहल आहे, लग्नकार्य नव्हे."

साधा मास्क आणून तिने त्यात आपल्या नंबरची भिंगं बसवायला घेतली. भिंग पुढून सपाट हवं, म्हणजे मास्कच्या काचेला चिकटेल, आणि मागून खोलगट. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर अचूक हवं. पहिल्या जोडीच्या गोंदात मोहरीएवढा बुडबुडा राहिला. दुसऱ्या जोडीत अंतर दोन मिलिमीटर चुकलं आणि मास्क लावल्याबरोबर गरगरलं. जेवणाच्या सुट्टीत ती तोंडावर मास्क चढवून खोलीभर फिरत असताना दुकानाचे मालक आत आले, क्षणभर बघत राहिले आणि दार ओढून गेले.

सहलीला बारा दिवस उरले असताना तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. काळे ठिपके तरंगायला लागले. याचा अर्थ काय असू शकतो, हे चष्म्याच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कळत नव्हतं असं नाही. तरी ती दोन दिवस गप्प बसली. भांडी दोनदा घासली, कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"काय झालंय?"

तिने सांगितलं. तो चपला न बदलता तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरबाई तिच्या ओळखीच्या. त्यांनी डोळ्यात थेंब घालून बराच वेळ तपासलं. "पडद्याला चीर आहे. आजच लेझर करू. दोन दिवस का थांबलात?"

"सहल आहे," ती म्हणाली. बोलल्यावर तिलाच आपल्या बोलण्याची लाज वाटली.

"आता तीन आठवडे पाणी नाही, वजन उचलणं नाही. मग बघू."

ऑफिसची मंडळी ठरल्या दिवशी गेली. हे दोघं घरी राहिले. नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी डोळे असे असतील कशावरून?"

"नसले तर?"

"म्हणून तर आत्ताच!" ती ओरडली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिने नाववाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वारं फिरलं की आम्ही नावा वर ओढतो, ताई. महिनाअखेरपर्यंत आलात तर आलात." महिनाअखेर म्हणजे तीन आठवडे संपून वर फक्त तीन दिवस. त्या काळात ती कॅलेंडरकडे बघणं टाळायची आणि दर तासाला बघायची. तिसरी जोडी मात्र बिनचूक बसली.

पुन्हा तपासल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "चीर छान बंद झालीये. जा. पण उडी मारायची नाही, खाली सूर मारायचा नाही. नुसतं वर तरंगायचं. पुन्हा काही चमकलं, तर तिथूनच निघायचं."

त्याच दुपारी दोघांनी बस पकडली.

पहिल्या दिवशी वारा होता. नाववाल्याने पाण्याकडे हात केला, चहासारखं गढूळ. दिवसभर भिंगरी भाड्याच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिली. नवरा पलंगावर पडून म्हणाला, "तू चालल्याने वारा पडणार असेल तर मीही उठतो."

दुसऱ्या सकाळी वारा पडला. खडकांजवळ नाव थांबली. ती शिडीवरून एकेक पायरी उतरली, मास्क लावला, तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. नाकाने श्वास घ्यायचा नाही, हे अंगाला पटेना. पाच वेळा असंच झालं. सहाव्यांदा नळीतून श्वास आत आला, बाहेर गेला, आणि ती खाली बघायला लागली.

सगळं स्वच्छ. वाळूवरच्या रेघा. खडकाच्या फटीत मिशा हलवणारा कोणी तरी. पिवळ्या पट्ट्यांचे मासे, अंगठ्याएवढे, सगळे एकदम वळायचे. आणि बाजूला दोन गोरटेले पाय, सायकल मारल्यासारखे. पोहता न येणारा तिचा नवरा जाकीट घालून, नावेचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्या शेजारी उतरला होता. तिला हसू आलं, नळीत पाणी शिरलं, खोकत खोकत तिने तोंड वर काढलं आणि ठसका थांबायच्या आत पुन्हा पाण्यात घातलं.

किनाऱ्यावर नाववाल्याचा म्हातारा बाप बसला होता. त्याच्या नाकावर तिच्याएवढाच जाड चष्मा. मुलगा हसत म्हणाला, "चाळीस वर्षं यांनी लोकांना मासे दाखवले. स्वतः पाण्याखाली बघून वीस वर्षं झाली. तुमचा मास्क बघून मघापासून चुळबुळ चाललीये."

"मला काय बघायचंय आता?" म्हातारा म्हणाला, पण नजर मास्कवर.

भिंगरी ओल्या कपड्यांनिशी त्याच्यासमोर उकिडवी बसली. चष्मा काढून घेतला, नंबर अजमावायला उजेडात धरून मागेपुढे हलवला, मग त्याचे डोळे निरखले. "मास्कमध्ये उजव्या डोळ्याचं भिंग जमेल. डावीकडे मोतीबिंदू दिसतोय, तो आधी डॉक्टरांना दाखवा." मग नवऱ्याकडे हात केला. "अहो, पिशवीतली मोजपट्टी द्या."

पट्टी तिने म्हाताऱ्याच्या नाकावर आडवी धरली.

"हलू नका, बाबा. माझ्याकडे बघा."