राखाडी चौकटीखालची ओळ

नमिता शेडगे यांचे वडील हौसेराव एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याच्या गाळ्यावर माथाडी होते. पाठीवर गोणी घेतली की ते आधी ‘बाजू!’ म्हणून ओरडत, मग पाऊल टाकत. नमिता फिजिक्स शिकल्या. गेली सोळा वर्षं त्या महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपानं लिहितात. कंपनीचं सॉफ्टवेअर शीतगृहांतल्या तापमानाच्या नोंदी ठेवतं. त्यावर काम करणाऱ्या डेव्हलपरांना अडलं की उघडता यावीत, म्हणून ही पानं.

ती कोणी वाचत नसे. शेवटी त्या वही घेऊन डेव्हलपरांच्या खुर्चीमागे उभ्या राहू लागल्या. बोलायचं काही नाही, नजर कुठे जाते तेवढं टिपायचं. चाळीस जण पाहून झाल्यावर त्यांनी लिहिलं: ‘पहिली राखाडी चौकट कॉपी करतात. तिच्याखाली कोणी जात नाही.’ चौकटीत जसाच्या तसा चालवायचा आदेश असतो. त्यांनी सगळ्या पानांचा क्रम उलटा केला. आदेश वर, स्पष्टीकरण आणि सूचना खाली. ‘पान उपयोगी पडलं का?’ हा प्रश्नही चौकटीला लागूनच ठेवला. नाहीतर उत्तर देणार कोण?

पानं उघडली जाऊ लागली.

“मॅडम, तुमचं पान म्हणजे वडापाव,” प्रितम साळुंखे म्हणायचा. “उभ्याउभ्या खायचा न् कामाला लागायचं.”

प्रितम त्या डेव्हलपरांपैकीच, साताऱ्याकडचा, शिरवण्यात भाड्याने राहणारा. बायकोचे दिवस भरत आले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती.

मार्चमधल्या एका दुपारी त्याने ‘चाचणीच्या नोंदी पुसणे’ हे पान उघडलं, आदेश उचलला आणि चालवला. त्या वेळी तो ग्राहकाच्या सर्व्हरवर होता. आठ महिन्यांच्या खऱ्या नोंदी गेल्या. ‘आधी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते पाहा’ ही ओळ चौकटीखाली होती. जुन्या पानावर ती वर असायची.

बैठकीत विभागप्रमुख अभिराम दाते यांनी विचारलं, “नमिताताई, एवढंच सांगा. सूचना पानावर होती की नव्हती?”

“होती.”

“आणि तू वाचली नाहीस?”

“नाय सर,” प्रितम म्हणाला. “घाई होती.”

वही नमितांच्या मांडीवर होती. ती उघडली असती, तर चूक पानाची ठरली असती. त्यांनी ती उघडली नाही.

प्रितमला त्याच आठवड्यात जायला सांगितलं. निघताना तो त्यांच्या टेबलाशी थांबला. “टेन्शन घेऊ नका मॅडम. तुमचं काय चुकलं त्यात?”

तो गेल्यावर नमितांनी ती ओळ परत वर नेली. त्यासाठी पान उघडावं लागलं. ‘पान उपयोगी पडलं का?’ याला आलेली उत्तरं तिथेच दिसतात. शेवटचं उत्तर त्या दुपारचं, तीन वाजून बारा मिनिटांचं होतं.

प्रितम साळुंखे: हो.