टिटवीची अंडी स्लॅबवर

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचा वॉचमन सलग दोन मिनिटं खुर्चीत टेकला, तर मी अख्ख्या सोलापुराला पेढे वाटीन. मेंढरांमागं फिरलेले पाय ते, थांबतच नाहीत. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की हा त्यांना गेटबाहेर पोचवून येतो. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येणार म्हणून मॅनेजरच्या गाडीवर ताडपत्री टाकतो.

परवा तो जिन्यावरून असा धडधडत आला, की मला वाटलं बॉयलर फुटला.

“सायेब, टिटवीनं स्लॅबवर अंडी घातली! ती जितकी उंच घालील तितकं पानी चडतं. ही तर दुमजली हाय!”

लगेच धाकट्या भावाला फोन. त्याची मेंढरं ओढ्याच्या पात्रात बसलेली. “आजच्या आज माळावर काड!”

भाऊ एवढा ओरडला की मलाही ऐकू आलं, “दादा, माळावर चारा कुटं हाय? मोबाईल तर कोरडं दावतोय!”

मी म्हणालो, “अहो, इथं सगळं काँक्रीट. मोकळी जमीनच उरली नाही, म्हणून ती वर गेली.”

“व्हय की,” म्हणत तो पहिल्यांदाच जागच्या जागी थांबला. “मग आता कळायचं कसं?” फोन खिशात घातला, काढला, परत घातला. शेवटी म्हणाला, “मेंढरं माळावरच जाऊ देत. टिटवीला जागा न्हाय, पर पानी कुटं जागा इचारून येतंय?”

मी पोट धरून हसलो. घरी जाऊन मात्र ज्वारीची दोन्ही पोती माळ्यावर चढवली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.