बंद फाटकाजवळची खोली

“सायब, बाकड्याखाली ठेवला होता हो! आत्ताच ठेवला होता!”

असं ओरडतच ती पोलीस ठाण्यात शिरली; मी तिथला फौजदार. इतकी वर्षं झाली, तो आवाज कानातून जात नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या हद्दीतल्या रेल्वे स्टेशनबाहेर मिरवणूक पांगवली होती, अश्रुधूर फलाटापर्यंत आला होता. तिचा जबाब मी तिच्याच शब्दांत घेतला.

“लालबागला ऱ्हाते. आमचे हे गिरणीत, पयल्या पाळीला. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पोरगा सात म्हयन्याचा, शीवला आयेकडे नेत होते. गाडी येयना, मग धूर आला, लोकं पुलावरनं धावत खाली, काय कळंना कोण कुठे! पोराचे डोळे लाल, रडायचापण थांबला. नळ तिकडे टोकाला. घेऊन धावले तर चेंगरणार, म्हणून बाकड्याखाली सरकवला आन् पदर भिजवायला गेले. परत येते तर पोरगाच नाय! शिपाय म्हणतो, बाई, पुढे चला. कुठे पुढे चला?”

जमादार माझ्या कानाशी लागले. “साहेब, पदर बघा. कोरडा ठणठणीत. टाकलंय पोर कुठंतरी.”

मीही आवाज चढवला. “खरं सांग, कुणाला दिलंस?”

“नळाला पाणीच नव्हता, सायब! जावा, उघडून बघा!”

शिपाई पाठवला. नळ खरंच कोरडा. इस्पितळात पोर नाही, स्टेशन मास्तरांच्या वहीत नोंद नाही. ते नवीन बदलून आलेले, हात वर करून मोकळे झाले.

टोपली सांडल्याची तक्रार द्यायला एक म्हातारी कोळीण बाकावर बसली होती. तीच म्हणाली, “त्या वहीत काय शोधतंस? पयलं हितं पूल नव्हता, फाटक होतं. पोर हरवलं का फाटकवाल्याच्या बायकोकडं द्यायचं. फाटक बंद झालं, फाटकवाला गेला. त्याची म्हातारी हाय तितंच. जुने हमाल अजून तिलाच नेऊन देतात.”

आम्ही रुळांच्या कडेने गेलो. बंद फाटकाशेजारी एक खोली. आत म्हातारीच्या मांडीवर पोर झोपलेलं, कपाळावर ओलं फडकं.

“इतका उशीर?” म्हातारी म्हणाली. “फाटकाबरोबर मीपण बंद झाले वाटलं काय?”

आई मात्र दारातच थिजली. पोर उचलेना.

“घेऊ मी?” तिने मला विचारलं. “सोडून गेलेली ना मी... सायब, उचलून धावायचं होतं काय? तुमी काय केला असता?”

“घे गं,” मी म्हणालो.

कोरडा पदर पाहून मी तिला जवळजवळ गुन्हेगार ठरवलं होतं. त्यानंतर संशय घेण्याआधी नळ उघडून बघायला शिकलो. पण तिचा प्रश्न आजही मी भेटेल त्याला विचारतो. गर्दी अंगावर येतेय, पोर गुदमरतंय, पाणी त्या टोकाला. तुम्ही काय केलं असतं?