आप्पांच्या ताटातली सोयाबीनची वडी

सोयाबीनच्या वड्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. सोलापुरात मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा सगळ्या शिक्षिकांना थांबवून घेतलं. कुठल्याशा कंपनीच्या एक बाई स्टो, पातेलं आणि वड्यांची पाकिटं घेऊन आल्या होत्या. त्यांनी वड्या गरम पाण्यात भिजवल्या, पिळल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडल्या. हॉलभर वास सुटला.

"मटणाची सगळी ताकद हिच्यात आहे, आणि मटणाचा एकही दोष नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना डॉक्टरांनी मटण बंद केलंय, त्यांच्यासाठी तर औषधच समजा."

बाकीच्या जणी चव बघून हसत होत्या. कोणी म्हणालं स्पंज आहे, कोणी म्हणालं चिंधी आहे. मी दोन पाकिटं घेतली.

चारेक महिन्यांपूर्वी माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, होटगी स्टेशनच्या बाकावर बसल्या जागी घामाघूम होऊन कलंडले होते. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी होटगी सोडली नाही. स्टेशनामागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. भावंडं मला नव्हती. माझी शाळा सकाळी सातची, त्या वेळेला गाड्यांचा मेळ बसेना, म्हणून मी शुक्रवार पेठेत एक माडीवरची खोली घेतली होती आणि रविवारी होटगीला जायची. बाप आणि लेक, दोघांत एका तासाचंसुद्धा अंतर नाही, आणि दोघांच्या दोन वेगळ्या चुली.

त्या दिवशी रेल्वेच्या माणसांनीच आप्पांना सोलापूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, हा इशारा आहे. रक्तदाब फार वाढलाय. गोळ्या दिल्या आणि एका चिठ्ठीवर पथ्य लिहून दिलं. ते समजावून सांगत होते तेव्हा मी दारात उभी होते, गोळ्यांचा कागद हातात धरून. मटण हा शब्द तेवढा माझ्या कानात पक्का बसला.

त्याला कारण होतं. आप्पांचा रविवार ठरलेला असे. त्यांचे एक दोस्त होते, रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, मुक्कामाला उतरणाऱ्या ड्रायव्हर लोकांचा स्वयंपाक करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. निवृत्तीनंतर चाचाही होटगीतच राहिले. रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात चूल पेटायची, आणि जुने चार-पाच रेल्वेवाले तिथं जमायचे. मटण शिजेपर्यंत गप्पा, जेवताना गप्पा, जेवल्यावर लिंबाखाली आडवं होऊन पुन्हा गप्पा. मी दहाच्या गाडीनं पोचायची तेव्हा आप्पा निघायच्या तयारीत असत, त्या दुखण्यानंतरही; मटणाऐवजी काय द्यावं हे मला सुचत नव्हतं.

"तू भाकरी करून खा बाय. मी येतोच," म्हणायचे. यायला चार वाजायचे. पाचला माझी परतीची गाडी.

तेव्हा मी दुपारी एकटीच जेवायची. आठवडाभर सोलापुरात एकटी जेवायची ती जेवायचीच, पण बापाच्या घरी येऊनही ताट एकटीचंच, ते नकोसं व्हायचं. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

वड्यांचा पहिला रस्सा मी त्याच संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या खोलीत करून पाहिला. काळं तिखट घातलं, खोबरं भाजून घातलं. अर्ध्या तासात जिन्यावर पावलं वाजली. घरमालकीण मावशी वर आल्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मुलखाच्या सोवळ्या. खोली देतानाच त्यांनी सांगितलं होतं, अंडंसुद्धा चालणार नाही.

"बाई, वास कसला यायलाय हो?"

मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडं धरून उलटसुलट केलं. मी एक कोरडी वडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दाबली, वास घेतला.

"सोयाबीन म्हणजे डाळच की."

"डाळीसारखंच. चाखून बघा ना मावशी."

"बेड, बेड," त्या कानडीत नको-नको करत, हात मागं घेत म्हणाल्या. "तुमी खावा. आमाला खायाचंच न्हाय, तर त्याच्यासारखं तरी कशाला खायाचं?" आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन होटगीला गेले. आप्पा टोपी घालून निघालेच होते.

"आज जायचं नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मटण बंद केलंय. मी त्याच्यापेक्षा चांगलं आणलंय."

आप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. भांडले नाहीत, काही नाही. आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी वडी भाकरीत धरून तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिले.

"कसं लागतंय?"

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "लई चांगलं हाय."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना आणखी दोन पळ्या वाढल्या. त्यांच्याकडून वचन घेतलं, यापुढं मटणाचा तुकडाही नाही. दुसरं पाकीट डब्यात भरून ठेवलं, आठवड्यात केव्हाही करून खा, असं मी सांगितलं. पाच वाजता गाडीत बसले तेव्हा वाटलं, किती वर्षांनी रविवार आपला झाला.

असे सात-आठ महिने गेले. दर रविवारी मी पाकीट घेऊन जायची. शाळेत कोणी वड्यांची थट्टा केली तर मी भांडायची. माझ्या वडिलांना विचारा, म्हणायची. पण हळूहळू आप्पा बोलेनासे झाले होते. मी वर्गातल्या गमती सांगायची, ते हुं हुं करायचे. आधी माणूस असा नव्हता. कुठला ड्रायव्हर सिग्नलला झोपला, कुठल्या साहेबाचा कुत्रा मालडब्यात चढून विजापूरला गेला, असं काही ना काही त्यांच्याकडं असायचंच. मला वाटलं, आजारपण आहे, वय आहे.

मग एकदा यात्रेची सुट्टी आली आणि मी मधल्याच वारी, न कळवता, होटगीला गेले. दार लोटलेलं होतं. आप्पा स्टोपाशी उकिडवे बसून पातेल्यातूनच खात होते. ताट घेतलं नव्हतं. रस्स्यावर बोटभर तेलाचा तवंग होता. पातेल्याशेजारी कागदावर मिठाचा ढीग, लोणच्याची बरणी उघडी. एक वडी उचलायची, मिठात टेकवायची आणि तोंडात टाकायची, असं चाललं होतं.

"आप्पा, हे काय?"

ते दचकले. लहान मुलासारखं पातेलं मागं सरकवलं.

"मिठाबिगर त्याला चवच न्हाय बाय," ते खाली बघत म्हणाले. "तेल घातल्याबिगर घशाखाली जात न्हाय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या लांबनं घेऊन येतीस."

तेव्हाच माझं त्यांच्या पायांकडं लक्ष गेलं. घोटे दिसत नव्हते. मी बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

त्याच दुपारच्या गाडीनं मी त्यांना सोलापूरला आणलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून दाब पाहिला, पुन्हा पाहिला. मग विचारलं, "खाताय काय?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मटण अगदी बंद आहे, आठ महिने सोयाबीनच्या वड्या देतेय. आणि मग तेल आणि मीठही सांगावं लागलं.

डॉक्टर वयस्कर होते. चिडले नाहीत. "मागची चिठ्ठी आहे का?" म्हणाले. ती माझ्या पर्समध्येच होती. त्यांनी ती उघडून माझ्यासमोर धरली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, मीठ अगदी कमी. त्याखाली, तेल-तूप कमी, लोणचं-पापड नाही. शेवटच्या ओळीत, मटण आठवड्यातून एकदा, चरबी काढून, दोन-तीन तुकडे.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे या वड्या वाईट?" मी विचारलं.

"वडी वाईट नाही. तिच्यात ताकद आहे, चरबी नाही. पाकिटावर लिहिलंय ते खोटं नसणार. पण बाई, ती यांच्या पोटात नुसती जात नाही. बरोबर मूठभर मीठ आणि वाटीभर तेल जातंय. त्यापेक्षा चरबी काढलेले मटणाचे दोन तुकडे परवडले असते. आणि मटणात तेवढंच तेल-मीठ घातलं असतं, तर तेही वाईटच ठरलं असतं." मग आप्पांकडं वळून त्यांनी विचारलं, "जेवायला सोबत कोण असतं?"

"रविवारी ही असती," आप्पा म्हणाले.

"आणि एरवी?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

चार दिवस मी त्यांना माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. नव्या गोळ्यांनी सूज उतरली. त्यांना पोचवायला गेले तेव्हा होटगीच्या फलाटावर चाचा भेटले. पांढरी दाढी, हातात पिशवी. मला बघून थांबले.

"बेटी, एक बात पूछूं? हमसे कुछ गलती हुई क्या?"

"का हो चाचा?"

"तुमारे अब्बा आतेच नै हमारे यहाँ. आठ महिने हो गए. गोश्त नक्को तो मत खाओ बोला मैं, खाली आके बैठो. बोले, बेटी कू जबान दिया हूं. वास आया तो मन नै मानता." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "इतवार के सिवा बी रोज शाम कू बैठते थे हम. वो बी छूट गया."

आप्पा पिशवी घेऊन पुढं चालू लागले होते. मी फलाटावर उभी राहिले. मी फक्त मटण बंद केलंय असं समजत होते. चाचांच्या अंगणातून मी त्यांना उठवून आणलं होतं, आणि ते कशासाठी, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. रक्तदाबासाठी थोडं, आणि रविवारी दुपारी समोर कोणीतरी जेवायला बसावं म्हणून बरंचसं.

मी चाचांना चिठ्ठी वाचून दाखवली, एक एक ओळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. आयुष्यभर लोकांना जेवू घातलेला माणूस. म्हणाले, "नमक का जिम्मा मेरा. लिंबू डालूंगा, कोथमीर डालूंगा, मालूम बी नै पडेगा. और वो तुमारी वड्यां बी लाके देना. गोश्त के रस्से में डाल के देखूंगा."

पुढच्या रविवारी आप्पांनी टोपी घातली आणि दारात थांबून म्हणाले, "तूबी चल की." मी गेले. चाचांनी खरंच त्यांच्यासाठी वेगळी छोटी पातेली ठेवली होती, दोन तुकडे आणि चार-पाच वड्या. वड्यांनी मटणाचा रस पिऊन घेतला होता. मी वड्या इतक्या चवीच्या कधीच खाल्ल्या नव्हत्या. बाकीचे म्हातारेही मागून घेत होते.

पण मी बसले होते म्हणून सगळे सावरून बसले होते. एकानं बिडी विझवली. दुसऱ्यानं एक गोष्ट सुरू केली आणि माझ्याकडं बघून मधेच सोडली. सगळे मला शाळेबद्दल विचारत राहिले, आदरानं, पाहुणीला विचारावं तसं. आप्पा माझ्या ताटाकडं लक्ष ठेवून होते, काही हवं-नको बघत. हसत नव्हते. मला समजलं, ही जागा माझी नाही. कोणी तसं म्हटलं नाही, आणि म्हणालंही नसतं.

त्यानंतर मी रविवारी होटगीला जाणं सोडलं. आप्पांना सांगितलं, शाळेचं काम वाढलंय, शनिवारी दुपारी येत जाईन. शनिवारी जाऊन त्यांची आठवड्याची भाजी, गोळ्या बघायची आणि परत यायची. त्यांनीही फार विचारलं नाही.

शुक्रवार पेठेतला रविवार फार लांबायचा. सकाळी धुणं, मग वह्या. खाली गल्लीत कोणाकडं तरी पुरणाचा घाट, कोणाकडं पाहुण्यांचा गलका. मी एक वाटी तांदूळ लावायची. वड्या करायची नाही. वड्या खायला समोर कोणीतरी लागतं असं वाटायचं, पण खरं तर सगळ्याच जेवणाला लागतं.

एकदा एका बुधवारी संध्याकाळी आप्पा अचानक माझ्या खोलीवर आले. माडीचा जिना चढून, न थांबता. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. मी घाबरून विचारलं काय झालं.

"काय न्हाय. पास हाय, गाडी हाय. म्हटलं बसावं घटकाभर."

मी चहा टाकला. आणि ते सांगायला लागले. रविवारी चाचाकडं काय झालं, कोण कोणावर रुसलं, मंद्रूपच्या बाजारातून एकानं कोवळ्या बोकडाऐवजी म्हातारा बोकड कसा आणला आणि तो चार तास शिजेना, शेवटी सगळ्यांनी नुसत्या वड्याच कशा खाल्ल्या. सांगताना स्वतःच हसायचे, हसता हसता खोकायचे. तासभर बोलले. आठ महिन्यांत मिळून माझ्याशी बोलले नव्हते एवढं. मी कपातला चहा निवून जाईतो ऐकत होते.

आप्पा त्यानंतर साडेचार वर्षं जगले. दाब कधी वर, कधी खाली, पण पाय पुन्हा सुजले नाहीत. ते वड्यांनी, का गोळ्यांनी, का मीठ सोडल्यानं, का चाचाच्या अंगणानं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. शाळेतल्या बायका मात्र मला विचारायच्या, तुम्हाला अनुभव आहे, वडी खरंच मटणापेक्षा चांगली का हो? मी म्हणायची, आधी ती कोण खातंय ते सांगा, आणि कोणाबरोबर.

त्या बुधवारी त्यांची गाडी साडेसातची होती. मी स्टेशनपर्यंत गेले. डब्यात जागा मिळाल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला आणि लगेच शेजारच्या माणसाशी बोलायला लागले. गाडी हलली. मी फलाटावरून बाहेर आले, आणि पेठेपर्यंत चालतच गेले, कारण घरी जाण्याची काही घाई नव्हती.