देवळसांगवीचं सहाशे अकरावं मत

तुम्ही मत कुणाला दिलंत ते सांगू नका, पण ते मोजताना तुम्ही स्वतः पाहिलंत का? नाही ना? तरी आपल्या गावानं कुणाला पाडलं आणि कोण कुठे विकला गेला, हे तुम्ही छातीठोकपणे सांगता. प्रताप धुमाळ तर तेरा वर्षं सांगत होता.

हा प्रताप म्हणजे कॉलेजचं तोंड न पाहिलेला, पण कायद्याची पुस्तकं रद्दीवाल्याकडून किलोवर आणून वाचलेला माणूस. किलोवर घेतल्यामुळे काही कायद्यांची शेवटची पानं त्याला कधी मिळालीच नाहीत, आणि भांडण नेमकं त्या पानांवरच यायचं. २००८ साली तो सिंगापुरात तांजोंग पगारच्या एका ऑफिस इमारतीत सुपरवायझर होता. लिफ्ट, एसी, गळके नळ, सगळं त्याच्या हुकमाखाली. बायको अरुणा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. खरं तर तिला नोकरी लागली आणि हा तिच्यामागून बॅगा घेऊन आला, पण सांगताना तो नेहमी 'मी देश सोडला' असं सांगायचा. देशाला त्याची खबर नव्हती हा भाग वेगळा.

चळवळीची खाज मात्र विमानातून सोबत आली होती. राहत्या इमारतीच्या, म्हणजे ब्लॉकच्या, खाली म्हाताऱ्यांसाठी बाक हवा म्हणून त्यानं एकदा दारोदार सह्या गोळा केल्या. तीन मिळाल्या. चौथ्या घरातल्या चिनी आजीनं त्याला हाताला धरून खाली नेलं आणि मागच्या बाजूला आठवड्यापूर्वी बसवलेला बाक दाखवला. प्रताप त्यावर बसला. बरा होता.

त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कॉम्प्युटरवर मराठी पेपर उघडला आणि त्याचा डबा तसाच राहिला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत देवळसांगवी विधानसभा मतदारसंघ रद्द झाला होता. गावं तीन शेजाऱ्यांत वाटली होती.

"माझा मतदारसंघ गेला," घरी येऊन तो म्हणाला.

"तुमचा?" अरुणा कुकर लावत होती. "सहाशे अकरा मतं पडली होती तुम्हाला."

"आणि बाबा, यू लॉस्ट, ला," चौदा वर्षांची ऋता टीव्हीवरची नजर न हलवता, शेवटी सिंगापुरी 'ला' लावून म्हणाली.

इथे पीआर, म्हणजे नुसता कायमचा रहिवासी, म्हणून मत नाही, तिथे मतदारसंघच नाही. अशा माणसानं करायचं काय? प्रतापनं इतिहास लिहायला घेतला. मराठी मंडळाच्या सचिव सुलेखाताईंनी स्मरणिकेत जागा द्यायचं कबूल केलं, आधी कार्यक्रमात वाचा म्हणाल्या. स्मरणिकेच्या दहा प्रती देवळसांगवीच्या वाचनालयाला पाठवायच्या, हे प्रतापनं मनात ठरवूनच टाकलं होतं. गावानं वाचलं पाहिजे. विशेषतः एका माणसाबद्दल.

इतिहास बत्तीस पानांचा झाला. बासष्ट सालची पहिली निवडणूक, तेव्हाचे आमदार सायकलवरून प्रचार करायचे आणि चढ आला की मतदारांकडून ढकलून घ्यायचे. अठ्ठ्याहत्तरच्या आधी हद्दी बदलल्या, तेव्हा नदीपलीकडची सात गावं आली आणि त्यांच्यासोबत पुलाची मागणी आली. पुलाचं भूमिपूजन चार निवडणुकांत चार वेळा झालं. चारही कोनशिलांवर आता बायका कपडे धुतात, आणि धुण्यासाठी त्या उत्तम आहेत हे प्रतापनं प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. मग पंच्याण्णव सालची निवडणूक. तिला पानं अकरा, कारण अपक्ष उमेदवार स्वतः लेखक. निशाणी कपबशी. "हॉटेलात बसलेला प्रत्येक माणूस माझा प्रचार करतोय," असं तो तेव्हा सांगत फिरायचा. लोक चहा प्यायचे, कप खाली ठेवायचे आणि मत दुसरीकडे द्यायचे.

आणि त्या अकरांपैकी चार पानं चंद्रशेखरवर होती. प्रकरणाचं नाव 'विश्वासघात'.

चंद्रशेखर, म्हणजे चंदू, देवळसांगवीच्या एसटी स्टँडसमोर सायकली दुरुस्त करायचा. लहानपणापासूनचा दोस्त. अर्जावर सूचक तो, गावच्या बूथवर प्रतिनिधी तो, मोजणीच्या हॉलमध्ये प्रतापच्या बाजूनं बसलेला तो. प्रताप स्वतः हॉलमध्ये नव्हता. दारावरच्या हवालदारानं पास मागितला, प्रताप म्हणाला, "उमेदवाराला पास मागतोस?" आणि पास खिशात असताना, निव्वळ तत्त्वासाठी, दिवसभर बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिला. तिथे निवडून येणाऱ्याच्या जीपचा ड्रायव्हर हसत म्हणाला, "तुमच्या गावच्या बूथवर आठ मतं पडली म्हणे, धुमाळ."

आठ. प्रतापनं तिथेच बोटं मोजली. तो, अरुणा, आई, दोन भाऊ, वहिनी, शाळेतले कदम मास्तर आणि मास्तरांची बायको. संपले आठ. चंदूला जागाच उरली नाही. संध्याकाळी चंदू बाहेर आला, काही सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच टपरीभर ऐकू जाईल असं प्रताप म्हणाला, "किती मटणाच्या ताटांना विकलास रे मला?" चंदूनं छातीवरचा कपबशीचा बिल्ला काढून टपरीच्या फळीवर ठेवला आणि गेला. त्यानंतर बोलणं नाही. प्रतापची दिवाळीची शुभेच्छापत्रं तेरा वर्षं त्या यादीतल्याच लोकांना जात होती.

वाचनाच्या दिवशी मंडळाच्या खोलीत चौदा माणसं होती, त्यातली काही वड्यांसाठी. मागच्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. शैलाताई, निवृत्त शिक्षिका. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कार्यक्रमाच्या फलकावर देवळसांगवी हे नाव वाचून पाया लेबारहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, बदलत आल्या होत्या, कारण त्यांची बारा वर्षांची नोकरी त्याच तालुक्यात झाली होती.

प्रताप 'विश्वासघाता'पर्यंत पोहोचला, 'आठ' या आकड्यावर आवाज चढवून थांबला, तेव्हा शैलाताईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"अहो धुमाळ, हे आठ तुम्हाला कुणी सांगितले?"

"सगळ्या तालुक्याला माहीत आहे, ताई."

"मला नाही माहीत. आणि मी त्या मोजणीला होते, टेबल नंबर चारला." त्या शांतपणे बोलत होत्या. "त्या वेळी मतपत्रिका मिसळून मोजायचा हुकूम होता. सगळ्या बूथच्या पेट्या उघडल्या, गठ्ठे बांधले, एका मोठ्या पिंपात टाकले, ढवळले आणि मग टेबलांवर वाटले. कुठल्या गावानं कुणाला किती दिली हे कुणाला कळू नये, म्हणूनच तर ते. आम्हाला मोजणाऱ्यांना कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

प्रतापनं हातातली पानं चाळली. याचं उत्तर बहुधा रद्दीतून न आलेल्या पानावर होतं.

"तुमच्या वतीनं एक सडपातळ माणूस होता," शैलाताई पुढे म्हणाल्या. "हाताला ऑईल. फार छळलं त्यानं आम्हाला. एका मतपत्रिकेवर शिक्का रेघेवर पडला होता, अर्धा कपबशीत, अर्धा शेजारच्या चौकोनात. आम्ही बाद करत होतो. तो म्हणाला, कपबशीकडे जास्त आहे, फूटपट्टी आणा. पाऊण तास भांडला. मी म्हटलं, अहो, तुमचा माणूस हजारोंनी हरतोय, एका मतानं काय होणार? तर म्हणतो, त्याला सहाशे दहा नको, अकरा होऊ देत, त्याला बरं वाटेल. शेवटी साहेबांनी धरलं ते मत."

सहाशे अकरा हा आकडा प्रताप आल्यागेल्याला ऐकवायचा. ब्लॉकमधल्या चिनी आजीलासुद्धा त्यानं तो इंग्रजीतून ऐकवला होता.

सुलेखाताईंनी हळूच विचारलं, "पुढचं वाचताय ना?"

"नाही," प्रताप म्हणाला. "पुढचं मी टपरीवर बसून लिहिलंय."

परतताना एमआरटीत अरुणानं आधी पर्स मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली, "एक सांगू? मी पण कपबशीला दिलं नव्हतं. तुम्ही निवडून आला असता तर मला लॅबची परीक्षा देऊ दिली नसतीत."

प्रतापनं तिच्याकडे पाहिलं. रागवायची जुनी सवय होती, पण आज त्याला तोंड नव्हतं. आठांच्या यादीतलं एक नाव कमी झालं, एवढंच तो मनाशी म्हणाला, आणि त्या जागेवर कोण बसतो हेही त्याला आता ठाऊक होतं.

स्मरणिकेत इतिहास छापून आला तो अठ्ठावीस पानांचा. 'विश्वासघात' काढला. त्याच्या जागी तीन ओळी आल्या: मोजणी मिसळून झाली, आठ हा आकडा खोटा, आणि उमेदवार मूर्ख होता. दहा प्रती वाचनालयाला गेल्या. उत्तर आलं नाही. चंदूच्या दुकानाच्या नंबरवर फोन लावला तर एक बाई म्हणाली, इथे आता झेरॉक्स निघते, सायकलवाले स्टँडमागे कुठेतरी गेले.

तेव्हा तुम्ही जर त्या बाजूचे असाल, मतदारसंघ तिघांत वाटला गेला असला तरी स्टँड जागेवरच आहे, तर एवढं करा. स्टँडमागे हाताला ऑईल लागलेला सडपातळ, आता म्हातारा झालेला माणूस शोधा, आणि त्याला सांगा की प्रताप धुमाळला फूटपट्टीचं कळलं. तो शिव्या देईल. मध्ये बोलू नका, सगळ्या ऐकून घ्या, लिहून काढा आणि एकही न गाळता सिंगापूरला पाठवा.