धारेवरून न परतलेला कारकून

इतक्या वर्षांनंतरही ती घटना आठवली, की माझं डोकं तापतं.

मी तेव्हा झाशीच्या कोतवालीत, म्हणजे शहराच्या मुख्य पोलीस ठाण्यात, फौजदार होतो. खंडेराव गेटजवळचे दोन मराठी मित्र, एक रेल्वेतला कारकून आणि दुसरा शाळामास्तर, हिमालयात गेले होते. दोन उंच शिखरांना जोडणारी धार चालून पार करणार, असं कारकुनाने गावभर सांगितलं होतं. लोकांनी स्टेशनवर हार घालून निरोप दिला. परतला एकटा मास्तर.

"माझ्या भावाला यानंच दरीत ढकललं!" कारकुनाच्या थोरल्या भावाने माझ्या टेबलावर हात आपटला. गुमशुदगीची, म्हणजे माणूस बेपत्ता झाल्याची, नोंद केली, पहाडातल्या दोन ठाण्यांना तारा केल्या. उत्तरं आली: एक शिखर याच्या हद्दीत, दुसरं त्याच्या. मधली धार मात्र कुणाच्याच हद्दीत नाही!

तिसऱ्या दिवशी खबर लागली, की कारकुनाचा लोकरी कोट मास्तरच्या घरी आहे. झडतीत तो सापडला. आता खुनाचा गुन्हा दाखल करण्यावाचून गत्यंतर दिसेना.

"तुझा मित्र कुठे पडला?" मास्तरला कोतवालीत आणून मी विचारलं.

"पडला नाही, साहेब. मागे राहिला."

"मागे म्हणजे कुठे?"

"येईल तो."

तीन तास हेच. गुन्हेगार सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा नुसता घाम पुसत होता. बाहेर त्याची बायको पहाऱ्यावरच्या शिपायाला "भैयाजी, एकदा भेटू द्या" म्हणत रडत होती.

पंचनामा लिहिताना आमच्या दीवानजींनी, म्हणजे हेड कॉन्स्टेबलने, कोटाचे खिसे उलटे केले. "साहब, ये देखिए." झाशी स्टेशनात सामान ठेवल्याची पावती निघाली. नाव कारकुनाचं, तारीख मास्तर परतला त्याच दिवसाची. म्हणजे झाशीला उतरले दोघंही!

भावाला विचारलं, जवळपास नातेवाईक कोण? "एरचला मावशी आहे."

जीपने एरच गाठलं. कारकून महाशय मावशीच्या ओसरीवर आंबे चोखत बसले होते.

"वीसेक पावलं गेलो," तो मान खाली घालून म्हणाला. "दोन्हीकडे दरी. पाय उचलेनात. रांगत मागे आलो. घरी कोणत्या तोंडानं जाणार? उकाड्यात कोट मास्तरकडे दिला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून त्याला आईची शपथ घातली."

"तो फासावर गेला असता, कळतंय का?"

"इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

कोतवालीत दोघं समोरासमोर आले. मास्तर घाईघाईने मला म्हणाला, "साहेब, मी काही बोललो नाही, हे त्याला सांगा."

त्यानंतर चौकशीत कुणी गप्प बसला, तर तो स्वतःला वाचवतोय असं मी कधी धरून चाललो नाही. कुणासाठी गप्प आहेस, हे आधी विचारलं. त्या दिवशी मात्र मी दोघांनाही झापलं, आणि मास्तरला जास्त.