एक ते नऊची संख्या

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून वडिलांची वाचा गेली होती. इस्लामपूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलेलं. त्यांच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून एका दुपारी मी पाटीवर एक ते नऊ अंक ओळीनं लिहिले आणि म्हणालो, "आबा, एवढी मोठी संख्या, ही मूळ असणार. हिला कशानंच भाग जायचा न्हाई."

आबा पाटीकडं बराच वेळ बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, "अंकांची बेरीज... पंचेचाळीस. नवानं जातोय भाग."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हनाले?"

"नवानं भाग जातो म्हणाले."

ती त्यांच्याजवळ बसली. "आवं, परत सांगा की."

आबांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा स्पष्ट.